नटाची कमाई, निगेटिव्हची मालकी: जॉन कॅसाव्हेटिसने स्वतंत्र सिनेमा कसा चालवला

जॉन कॅसाव्हेटिस (१९२९–१९८९) हा न्यूयॉर्कचा नट. अभिनय हा त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि त्यातून आलेला पैसा तो चित्रपट काढण्यात घालायचा. दिग्दर्शक म्हणून त्याच्या नावावर बारा चित्रपट आहेत. त्यांतले पाच त्याने पदरमोड करून काढले आणि त्यांची मालकी स्वतःकडे ठेवली: 'शॅडोज' (१९५९), 'फेसेस' (१९६८), 'अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स' (१९७४), 'द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी' (१९७६) आणि 'ओपनिंग नाइट' (१९७७). उरलेल्या सातांत पैसा दुसऱ्यांचा होता. स्वतंत्र सिनेमा पैशाच्या अंगाने कसा चालतो हे समजून घ्यायचं असेल, तर या पाच आणि त्या सातांची तुलना करावी. त्याच्या शैलीवर भरपूर लिहिलं गेलंय. हिशेबावर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून इथे हिशेबच पाहू.

'शॅडोज': सुरुवातीचे ४०,००० डॉलर

१९५६-५७च्या सुमारास कॅसाव्हेटिस टीव्हीवरच्या नाटकांमधला ओळखीचा चेहरा होता. न्यूयॉर्कमध्ये तो बर्ट लेनबरोबर नटांसाठी कार्यशाळा चालवायचा. तिथल्या एका उत्स्फूर्त प्रवेशातून चित्रपटाची कल्पना निघाली. १९५७ मध्ये तो जीन शेपर्डच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात गेला आणि माणसांविषयीचे चित्रपट पाहायचे असतील तर श्रोत्यांनी एकेक डॉलर पाठवावा, असं आवाहन केलं. सुमारे २,००० डॉलर जमले.

ही हकीकत फार सांगितली जाते. चित्रपटाचा एकूण खर्च मात्र ४०,००० डॉलरच्या घरात गेला. म्हणजे लोकवर्गणी भरली ती पाच टक्के. तिचा खरा उपयोग वेगळाच झाला: लोकांचे पैसे घेतल्यावर मागे फिरायला तोंड राहिलं नाही. बाकीची रक्कम स्वतःचा खिसा, मित्र आणि उसनवारी यांतून उभी राहिली. आजही लोकवर्गणीवर चित्रपट उभा करणाऱ्याने हे प्रमाण लक्षात ठेवावं. वर्गणीतून काम सुरू होतं. ते पूर्ण करायला बहुतेक वेळा दुसराच पैसा लागतो.

चित्रीकरण १६ मिमी रुंदीच्या फिल्मवर, कृष्णधवल, बरंचसं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर झालं. लिहिलेली संहिता नव्हती आणि जागेवरचा आवाज नीट मुद्रित झाला नव्हता. संकलनाला बसल्यावर नट काय बोलले हेच कळेना. शेवटी ओठांच्या हालचाली वाचू शकणाऱ्यांची मदत घ्यावी लागली, असं त्याने पुढे सांगितलं आहे. कमी पैशाच्या चित्रपटात सगळ्यात आधी आवाज मार खातो, कारण खराब चित्र जागेवर दिसतं, खराब आवाज मात्र संकलनाच्या टेबलावर गेल्यावरच कळतो.

१९५८च्या अखेरीस पहिलं रूप प्रेक्षकांना दाखवलं आणि ते पडलं. कॅसाव्हेटिसने नटांना परत बोलावलं, नवे प्रसंग लिहिले, पुन्हा चित्रीकरण केलं. नवं रूप नोव्हेंबर १९५९ मध्ये दाखवलं गेलं. पहिल्या रूपाची जोरदार बाजू घेणारा समीक्षक जोनास मेकास दुसऱ्यावर चिडला. त्याच्या मते पहिल्यातला जिवंतपणा गेला होता. पण ते बदलायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क कॅसाव्हेटिसचा होता, आणि त्याने तो वापरला. १९६० मध्ये चित्रपट व्हेनिसला गेला, तिथे समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, आणि ब्रिटिश लायन या कंपनीने वितरण घेतलं. अमेरिकी वितरकांनी पाठ फिरवलेला अमेरिकी चित्रपट युरोपातून मायदेशी परतला. महोत्सवाची हीच वाट पुढे जगभरच्या स्वतंत्र चित्रपटांनी धरली.

दरम्यान कर्ज डोक्यावर होतंच. ते फेडायला त्याने 'जॉनी स्टॅकाटो' ही टीव्ही मालिका घेतली. १९५९-६० मध्ये एनबीसीवर तिचे २७ भाग झाले. जॅझ वाजवणाऱ्या गुप्तहेराची भूमिका होती. त्यातले काही भाग त्याने दिग्दर्शितही केले, म्हणजे पगारी शिकवणीही झाली.

स्टुडिओचा पैसा घेतला की काय सोडावं लागतं

'शॅडोज'मुळे हॉलिवूडने बोलावलं. १९६१ मध्ये पॅरामाउंटसाठी 'टू लेट ब्लूज', १९६३ मध्ये निर्माता स्टॅनली क्रेमरसाठी 'अ चाइल्ड इज वेटिंग'. तिथली रीत सरळ होती. पैसा घालणारा सगळ्यांना ठरलेलं मानधन देतो आणि निगेटिव्ह त्याच्या मालकीची होते. निगेटिव्ह म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म. तिच्यावरून हव्या तितक्या प्रिंट निघतात. म्हणून ती ज्याच्या ताब्यात, त्यानेच ठरवायचं की चित्रपट किती लांबीचा, कुठे, कधी आणि किती वर्षं दाखवायचा. 'फायनल कट', म्हणजे संकलनातला शेवटचा शब्द, हा हक्कही त्या मालकीतूनच येतो. करारात वेगळं लिहिलं नसेल तर तो दिग्दर्शकाकडे नसतो.

'अ चाइल्ड इज वेटिंग'च्या संकलनावरून क्रेमर आणि कॅसाव्हेटिस यांचं फाटलं. क्रेमरने चित्रपट आपल्या पद्धतीने कापून घेतला. कॅसाव्हेटिसला त्याचा संताप आला, पण करार बघता क्रेमर आपल्या हक्कातच होता. नव्या दिग्दर्शकांचा इथे हमखास गैरसमज होतो. 'माझा चित्रपट' ही भावना आणि 'माझ्या मालकीचा चित्रपट' हे कागदावरचं वाक्य, या दोहोंमध्ये कोर्ट फक्त दुसरं ओळखतं.

'फेसेस': फूट, मिनिटं आणि तीन वर्षं

१९६५ मध्ये त्याने 'फेसेस' हाती घेतला, पुन्हा १६ मिमीवर. १६ मिमीच का, हे साध्या गणिताने कळतं. सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने १६ मिमी फिल्म मिनिटाला ३६ फूट लागते, ३५ मिमी ९० फूट. दोन तासांच्या चित्रपटासाठी दहापट चित्रीकरण करायचं, म्हणजे २० तासांचं, तर १६ मिमीवर ४३,२०० फूट आणि ३५ मिमीवर १,०८,००० फूट फिल्म. शिवाय धुण्याचा आणि संकलनासाठी कामाची प्रिंट काढण्याचा खर्च फुटांवरच आकारला जातो. १६ मिमीचं ४०० फुटी रीळ ११ मिनिटं चालतं. ३५ मिमीचं तेवढंच रीळ साडेचार मिनिटांत संपतं. नटांना मोकळं सोडून लांबच लांब प्रसंग टिपायचे असतील, तर हा फरक खिशाला जाणवतो तसा अभिनयातही उतरतो: रीळ बदलायला मध्येच थांबावं लागत नाही.

याचा तोटाही असतो. थिएटरला तेव्हा ३५ मिमी प्रिंट लागायची, त्यासाठी १६ मिमी मोठी करून घ्यावी लागायची, आणि त्यात फिल्मचे दाणे ठळक व्हायचे. 'फेसेस'मधली ती खरखरीत प्रतिमा अशीच आली. सुरुवातीची बचत शेवटी थोडी परत द्यावी लागते, फक्त तोपर्यंत चित्रपट हातात आलेला असतो.

चित्रीकरण सुमारे सहा महिने चाललं, बरंचसं कॅसाव्हेटिसच्या स्वतःच्या घरात. पत्नी जीना रोलंड्स नायिकांपैकी एक होती. मंडळी मित्रांमधली: अल रूबन कॅमेऱ्यावर, सीमोर कॅसल नट. लिन कार्लिन तर व्यवसायाने नटी नव्हतीच, ती दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनकडे सेक्रेटरी होती. रोख मानधनाऐवजी नफ्यातला वाटा, असा सौदा होता. याला 'डिफर्ड' मानधन म्हणतात, आणि त्याची मेख पुढे सांगतो.

मग संकलन. चित्रपट प्रदर्शित झाला १९६८च्या नोव्हेंबरात, म्हणजे चित्रीकरणानंतर तीनेक वर्षांनी. एवढा वेळ का लागला? कारण पैसे संपले की कॅसाव्हेटिस अभिनयाचं काम घ्यायचा, आणि पैसे आले की परत संकलनाला बसायचा. 'द डर्टी डझन' (१९६७) आणि 'रोझमेरीज बेबी' (१९६८) या त्याच्या सर्वांत गाजलेल्या भूमिका याच काळातल्या. 'द डर्टी डझन'साठी त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. दुसऱ्यांच्या चित्रपटातल्या भूमिकेने त्याचं भांडवल पुरवलं. 'फेसेस'ला पुढे तीन ऑस्कर नामांकनं मिळाली: मूळ पटकथा, सीमोर कॅसल आणि ती सेक्रेटरी लिन कार्लिन.

नटाचं उत्पन्न हे या धंद्यासाठी फार सोयीचं भांडवल आहे, कारण ते थोड्या दिवसांत एकरकमी येतं आणि त्याच्याबरोबर कुणाचा हक्क चिकटून येत नाही. गुंतवणूकदार पैसा देतो तेव्हा संहितेवर बोलतो. मानधनाचा धनादेश बोलत नाही. मात्र त्याचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं. भूमिका आली की संकलन थांबतं, नटांचे केस-वजन-वय बदलतं, राहिलेला एखादा प्रसंग नंतर टिपायचा तर जुळत नाही. म्हणून अशा रीतीने काम करणाऱ्याने एक पथ्य पाळावं: चित्रीकरण सलग उरकेल एवढा पैसा हातात आल्याशिवाय कॅमेरा लावू नये. संकलन तुकड्यातुकड्यांनी करता येतं. चित्रीकरणाचे तुकडे पडले की चित्रपट तिथेच फाटतो.

'अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स': स्वतःच वितरक होणं

हा चित्रपट सुमारे दहा लाख डॉलरचा. कॅसाव्हेटिसने घर गहाण टाकलं. 'कोलंबो' मालिकेने घराघरात पोचलेला पीटर फॉक नायक होता आणि त्याने स्वतःचे पाच लाख डॉलर घातले. तंत्रज्ञांत अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी होते, पडद्यावर कॅसाव्हेटिस आणि रोलंड्स या दोघांच्याही आया. एवढं करून १५५ मिनिटांचा चित्रपट तयार झाला, तर घ्यायला वितरक नाही.

इथे वितरक करतो काय हे पाहावं लागेल. तो थिएटरांशी बोलून तारखा मिळवतो, प्रिंट काढून पाठवतो, जाहिरात करतो, आणि सगळ्यात कटकटीचं काम म्हणजे थिएटरवाल्याकडून पैसे वसूल करतो. कॅसाव्हेटिस आणि त्याच्या माणसांनी ही चारही कामं स्वतः घेतली. थिएटरमालकांना एकेक करून फोन लावले. ऑक्टोबर १९७४ मध्ये न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात खेळ झाला, नोव्हेंबरात प्रदर्शन. सगळीकडे एकदम लावण्याऐवजी थोड्या शहरांत, थोड्या प्रिंटवर, लोकांच्या तोंडी चर्चा पसरेल तसतसा पुढे सरकवला. रोलंड्स आणि कॅसाव्हेटिस दोघांनाही ऑस्कर नामांकन मिळालं आणि चित्रपटाने खर्चाच्या कितीतरी पट कमाई केली. वितरकाचं कमिशन घरातच राहिलं.

पण हा फायदा एकदाच मिळाला. या कमाईच्या जोरावर त्याने पुढचे दोन चित्रपट काढले. 'द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी' १९७६ मध्ये १३५ मिनिटांचा लागला आणि लगेच उतरला. १९७८ मध्ये त्याने तो कापून १०८ मिनिटांवर आणला. 'ओपनिंग नाइट' डिसेंबर १९७७ मध्ये लॉस एंजेलिसला लागला. रोलंड्सला बर्लिनमध्ये सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तरी अमेरिकेत त्याचं रीतसर प्रदर्शन व्हायला १९९१ उजाडलं. तेव्हा कॅसाव्हेटिस जाऊन दोन वर्षं झाली होती.

असं का झालं? मोठ्या वितरकाकडे वर्षाला दहा-वीस चित्रपट असतात. थिएटरवाल्याने या चित्रपटाचे पैसे थकवले तर पुढचा गाजणारा चित्रपट मिळणार नाही, ही भीती त्याला असते. एकट्या निर्मात्याच्या पोतडीत पुढचा चित्रपट तीन वर्षांनी येणार असतो. त्याला तारीख नकोशा आठवड्याची मिळते आणि पहिले तीन दिवस रिकामे गेले की पडदा दुसऱ्याला जातो. शिवाय जाहिरातीचा पैसा प्रदर्शनाआधी जातो, गल्ला नंतर येतो. एक चित्रपट पडला की पुढच्याच्या जाहिरातीला पैसा उरत नाही, आणि तोही पडतो. कॅसाव्हेटिसच्या बाबतीत हेच झालं असं आमचं मत आहे. हे दोन्ही चित्रपट 'वूमन'पेक्षा कमी ताकदीचे नाहीत.

मालकी राहिल्याचा फायदा फार उशिरा दिसला. २००४ मध्ये क्रायटेरियन या डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीने त्याच्या पाच चित्रपटांचा संच काढला. ते पाच म्हणजे वर दिलेलेच पाच. एकाच ठिकाणी हक्क असल्यामुळे ते एकत्र निघू शकले. स्टुडिओंकडचे बाकीचे वेगवेगळ्या कपाटांत विखुरलेले.

आपल्याकडे हाच हिशेब

मराठीत नट आणि निर्माता एकाच माणसात असण्याचं नेमकं उदाहरण 'कोर्ट'चं. चैतन्य ताम्हाणेचा हा पहिला चित्रपट विवेक गोम्बरने निर्माता म्हणून उभा केला आणि त्यातली बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिकाही केली. २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार, मग सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मग भारताची ऑस्करसाठीची प्रवेशिका. वाट 'शॅडोज'चीच: आधी व्हेनिस, मग घर. पुढचा 'द डिसायपल' (२०२०) याच जोडीचा.

आता तिकिटाचा हिशेब. समजा तिकीट २०० रुपये, सगळे कर धरून. १०० रुपयांवरच्या तिकिटावर जीएसटी १८ टक्के, तो वजा जाता उरतात १६९ रुपये ४९ पैसे. मल्टिप्लेक्सशी वाटणीचा रूढ हिशेब २००९च्या निर्माते-मल्टिप्लेक्स वादानंतर बसला: पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. पहिला आठवडा धरला तर हाती ८४ रुपये ७५ पैसे. वितरकाचं कमिशन १५ टक्के मानलं तर उरतात ७२. चित्रपटाला एक कोटी आणि जाहिरातीला २५ लाख लागले असतील, तर नुसतं भांडवल सुटायला सुमारे पावणेदोन लाख तिकिटं विकली गेली पाहिजेत, तीही सगळी पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक तिकिटामागे कमी मिळतं. तोंडी प्रसिद्धीवर हळूहळू चालणाऱ्या चित्रपटाला ही उतरती वाटणी जड जाते. आणि यात दर पडद्यामागे द्यावा लागणारा डिजिटल प्रक्षेपणाचा खर्च अजून धरलेलाच नाही.

डिफर्ड मानधनाची मेख इथेच आहे. 'नफ्यातला वाटा' असं लिहिलं की नट तिकीट, कर, थिएटर, वितरक, जाहिरात, गुंतवणूकदार या सगळ्यांच्या मागे रांगेत उभा राहतो. तिथवर पैसा क्वचितच पोचतो. सचोटीचा करार करायचा असेल तर वाटा कशाच्या टक्क्यात, कोणते खर्च वजा करून, आणि हिशेब किती महिन्यांनी दाखवायचा, हे तिन्ही लिहावं. सगळ्यांत चांगलं म्हणजे ओटीटी किंवा उपग्रह (म्हणजे टीव्हीवर दाखवण्याच्या) हक्कांच्या रकमेतून आधी डिफर्ड मानधन फेडायचं असं कलम घालावं, कारण ती रक्कम एकगठ्ठा येते.

निगेटिव्हची जागा आता हार्ड डिस्कने घेतली आहे. मालकी मात्र तशीच कागदावर ठरते. भारतीय कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो आणि हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला देताना लेखी आणि सहीचा करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ही दोन वाक्यं निर्मात्याच्या बाजूची आहेत, म्हणून समोरचा तयार करार पाठवतो तेव्हा त्यात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जग' हे शब्द हमखास असतात. घाईत सही करण्याआधी तेवढेच दोन शब्द शोधा. पाच किंवा सात वर्षांच्या परवान्यावर व्यवहार होतो का ते विचारा. पैसे थोडे कमी मिळतील, पण मुदत संपल्यावर चित्रपट पुन्हा विकता येईल.

ताब्यातल्या वस्तूंचीही यादी हवी: मूळ रशेस (न कापलेलं चित्रीकरण), रंगसंस्कार झालेली मास्टर फाइल, थिएटरसाठीची डीसीपी (पडद्यावर दाखवायची डिजिटल प्रत), आणि संवाद, संगीत, परिणामध्वनी यांचे वेगवेगळे ट्रॅक. शेवटची गोष्ट लोक विसरतात. सगळा आवाज एकाच ट्रॅकमध्ये मिसळलेला असेल तर दुसऱ्या भाषेत डबिंग करता येत नाही आणि तो बाजार बंद होतो. मिश्रणाच्या वेळी मागितलं तर हे ट्रॅक थोड्या वेळात मिळतात. दोन वर्षांनी स्टुडिओने फाइल पुसलेली असते. यादीतल्या प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आणि पोस्ट-प्रॉडक्शनचं बिल थकलं तर स्टुडिओ मास्टर अडवून धरतो, पूर्वी लॅब निगेटिव्ह अडवून ठेवायची तसंच. म्हणून अंदाजपत्रकातली ती रक्कम चित्रीकरण लांबलं तरी मोडायची नाही.

मालिकांत काम करून चित्रपट उभा करणाऱ्याने आणखी एक धरून चालावं: मालिकेचं मानधन साधारण ९० दिवसांनी हातात पडतं. जानेवारीतल्या कामावर एप्रिलचं चित्रीकरण लावायचं असेल, तर तारखा मेच्या धराव्या.